गढूळ पाण्यात ध्वनीची नजर

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आणि अलीकडच्या काळात महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेली गोदामे डोळ्यांपुढे येतात. या शहराच्या कुशीला खाडी आहे, हे भिवंडीकरांच्याही फारसे ध्यानात राहत नाही. वास्तविक १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवातीची जहाजे याच खाडीच्या काठी बांधली गेली. त्या काळचे तांडेल पाण्याची खोली लांब बांबूने किंवा शिशाचे वजन बांधलेल्या दोरीने मोजत आणि ती वावांत सांगत. दोरी जिथे टेकली तिथली खोली कळे. तिच्या दोन हात पलीकडे खडक आहे की खड्डा, हे मात्र जहाज त्यावर आदळेपर्यंत कळण्याचा मार्ग नव्हता.

साडेतीन शतकांनंतर या खाडीला पुन्हा वाहतुकीचे वेध लागले आहेत. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला आणि त्याच्या पहिल्या टप्प्यातील धक्क्यांमध्ये डोंबिवली, कोलशेत व मीरा-भाईंदर यांच्याबरोबर भिवंडी तालुक्यातील काल्हेरचीही निवड झाली. प्रवासी बोट चालवायची तर तळ ठाऊक हवा. आणि इथला तळ एका जागी थांबणारा नव्हे. उल्हास नदी दर पावसाळ्यात गाळ आणते, भरती-ओहोटी तो इकडून तिकडे हलवते आणि उरलेली उलथापालथ काल्हेर-कशेळी परिसरात सक्शन पंपांनी होणारा बेकायदा रेतीउपसा करतो. महसूल खात्याच्या कारवायांत जप्त होणाऱ्या किंवा बुडवल्या जाणाऱ्या बार्जच्या बातम्या वाचकांच्या परिचयाच्या आहेत. रेती निघून गेल्यावर मागे उरणारे खड्डे मात्र कुणाच्या दृष्टीस पडत नाहीत, कारण या पाण्यात बुडालेल्या माणसाला स्वतःचा पसरलेला हातही दिसत नाही.

गढूळ पाण्यातले हे आंधळेपण दूर करणारे साधन म्हणजे सोनार. त्यातही केवळ 'खाली काहीतरी आहे' एवढेच न सांगता त्या वस्तूचे चित्र काढणारा, बारीक तपशील दाखवणारा सोनार. हेच यंत्र बंदराचा गाळ मोजते, पुलाचा पाया तपासते, बुडालेली बस शोधते आणि शत्रूने पेरलेला पाणसुरुंगही हुडकते. त्याची कामगिरी जितकी थक्क करणारी आहे, तितक्याच त्याच्या मर्यादाही समजून घेण्याजोग्या आहेत.

प्रकाश हरतो, ध्वनी टिकतो

पाणी प्रकाशाचे मित्र नाही. स्वच्छ महासागरातही काही दहा मीटरांपलीकडे कॅमेरा निरुपयोगी ठरतो. कोकणातल्या खाड्यांत तर तो पाण्याबाहेरच ठेवलेला बरा. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात चटकन शोषल्या जातात, त्यामुळे रडारही कामाचे नाही. ध्वनीला मात्र पाणी मानवते. १८२६ मध्ये कोलादों आणि स्टुर्म या दोघा शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवरात दोन नावा तेरा किलोमीटरांहून अधिक अंतरावर उभ्या केल्या. एका नावेवर पाण्याखाली घंटा वाजवली आणि त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा भडका उडवला. दुसऱ्या नावेवर भडका दिसल्यापासून नाद कानी येईपर्यंतचा वेळ मोजला. त्यावरून पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला १,४३५ मीटर निघाला. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो साधारण १,५०० मीटर असतो, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक.

आवाज सोडायचा, प्रतिध्वनी परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा आणि त्यावरून अंतर काढायचे, एवढेच सोनारचे मूळ तत्त्व. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर हिमनग ओळखण्याच्या खटपटीतून आणि पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांच्या धाकातून या विद्येला वेग आला. फ्रान्समध्ये पॉल लाँजव्हँ यांनी क्वार्ट्झ स्फटिकाला विजेने थरथरवून मानवी कानाला ऐकू न येणारा ध्वनी पाण्यात सोडला. आजच्या सोनारमध्येही स्फटिकाच्या जागी कृत्रिम पदार्थ आले असले तरी थरथर तीच आहे. मच्छीमार बोटींवर 'फिश फाइंडर' म्हणून जे यंत्र दिसते ते या कुळातले धाकटे भावंड होय.

बारीक पाहायचे तर जवळ जावे लागते

प्रतिध्वनीवरून अंतर कळणे वेगळे आणि चित्र उमटणे वेगळे. चित्रासाठी ध्वनीचा झोत अरुंद हवा. विजेरीचा झोत रुंद असेल तर सगळी भिंत उजळते, पण भिंतीवरचा खिळा वेगळा ओळखता येत नाही, तसेच हे. एक अंश रुंदीचा ध्वनिझोत दहा मीटरांवर सुमारे १७ सेंटिमीटर रुंद होतो, पन्नास मीटरांवर ८७ सेंटिमीटर. त्या रुंदीत दोन वस्तू शेजारी असतील तर सोनारला त्या एकच वाटतात. दोन लगतच्या वस्तू वेगळ्या दाखवण्याच्या या क्षमतेला विभेदनक्षमता म्हणतात आणि सोनारचे मोल प्रामुख्याने तिच्यावरच ठरते.

झोत अरुंद करायचा तर एकतर यंत्र लांबलचक करावे लागते, नाहीतर ध्वनीची वारंवारता वाढवावी लागते. युद्धनौकेचा दूरवर कानोसा घेणारा सोनार काही हजार हर्ट्झवर चालतो. पाच हजार हर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी तीस सेंटिमीटर येते. एवढ्या जाड कुंचल्याने बारीक रेघ उमटणार कशी? शंभर किलोहर्ट्झला ही लांबी दीड सेंटिमीटर होते, तर १,८०० किलोहर्ट्झला ती एक मिलिमीटरच्याही खाली येते. म्हणजे वारंवारता वाढवत गेले की चित्र रेखीव होणार. अडचण अशी की, उंच स्वराचा ध्वनी पाण्यात फार लवकर शोषला जातो. शंभर किलोहर्ट्झचा सोनार दोन्ही बाजूंना काहीशे मीटर पाहू शकतो. नऊशे किलोहर्ट्झचा काही दहा मीटरांतच थकतो. १,८०० किलोहर्ट्झला दृष्टी दहा-पंधरा मीटरांवर संपते.

या शेवटच्या गटातील यंत्राला 'ध्वनिकॅमेरा' म्हणण्याचा प्रघात आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने तो त्या देशाच्या नौदलासाठी तयार केला. त्यात ध्वनी एकवटण्यासाठी चक्क भिंगे बसवलेली असतात आणि ९६ झोत पंख्यासारखे शेजारी-शेजारी पसरतात. प्रत्येक झोत अंशाच्या तीन-दशांश इतकाच रुंद, म्हणजे दहा मीटरांवर जेमतेम पाच सेंटिमीटर. मिट्ट काळोखात, चिखलाच्या पाण्यात पोहणाऱ्या पाणबुड्याचे हातपाय हलताना त्यात दिसतात. बंदराच्या रक्षणासाठी घडवलेल्या या यंत्राला पुढे अलास्कातल्या नद्यांमधले सामन मासे मोजण्याच्या कामी लावण्यात आले, हा योगायोग मौजेचा खरा.

प्रत्यक्ष शोधकार्यात सर्वाधिक राबते ते 'साइड स्कॅन' सोनार. बोटीमागे दोराने ओढत नेलेले हे यंत्र आकारामुळे आणि चालीमुळे सर्वेक्षकांत 'मासा' म्हणूनच ओळखले जाते. हा मासा डावी-उजवीकडे ध्वनी फेकत जातो आणि तळाची एक-एक रेघ जुळवत छायाचित्रासारखा पट तयार होतो. या पटात खरी बातमी वस्तूच्या उजेडात नसते, सावलीत असते. उभी वस्तू ध्वनी अडवते, तिच्यामागे काळा पट्टा पडतो आणि त्या पट्ट्याच्या लांबीवरून वस्तूची उंची काढता येते. मासा तळापासून सहा मीटर वर आहे, सावली तीस मीटरांवर संपते आणि ती दहा मीटर लांब आहे असे समजा. तर वस्तू दोन मीटर उंच आहे, हे शाळकरी मुलालाही समरूप त्रिकोणांवरून सांगता येईल. गोल पिंप आणि गोल धोंडा उजेडात सारखेच भासतात, पण त्यांच्या सावल्या निराळ्या पडतात. म्हणूनच यंत्र कितीही महागडे असले तरी सावली वाचणारी अनुभवी नजर लागतेच.

सावित्रीचे नऊ दिवस

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बसगाड्या आणि आणखी एक वाहन पुरात गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, तटरक्षक दल आणि नौदलाचे पाणबुडे कामाला लागले. क्रेनला तीनशे किलोचे लोहचुंबक बांधून नदीत सोडण्यात आले, सोनारही वापरण्यात आला. तरीही पहिली बस हाती लागायला ११ ऑगस्ट उजाडला आणि दुसरी त्यानंतर दोन दिवसांनी मिळाली. पहिल्या बसचा सांगाडा सापडला तो पुलापासून दोनशे मीटरांच्या आसपास. एवढी मोठी बस एवढ्या जवळ असून इतके दिवस का सापडू नये, असा प्रश्न तेव्हा घरोघर विचारला गेला.

त्याचे उत्तर ध्वनीच्या स्वभावात आहे. पुराचे पाणी नुसते गढूळ नसते, ते फेसाळ असते. हवेचा प्रत्येक बुडबुडा ध्वनीला चहूकडे उधळून लावतो. प्रवाहाच्या जोरापुढे दोरावरचा मासा स्थिर राहत नाही आणि मासा डोलू लागला की चित्र वेडेवाकडे होते. त्यातच बस वाळूत रुतली की तिची सावलीच नाहीशी होते. उच्च वारंवारतेचा ध्वनी वाळूच्या पृष्ठभागावरूनच परततो. खाली गाडलेले त्याला दिसत नाही. मगरींचा वावर असलेल्या नदीत अखेर जे काम झाले ते पाणबुड्यांच्या हातांनी चाचपडत.

याच्या उलट अनुभव मे २०२१ मध्ये आला. तौक्ते चक्रीवादळात हिरा तेलक्षेत्रातील 'पी-३०५' हा निवासी तराफा नांगर तुटून भरकटला आणि १७ मे रोजी बुडाला. त्यावर २६१ जण होते, त्यांपैकी १८६ जणांना नौदलाने व इतरांनी वाचवले. 'वरप्रदा' या टगबोटीवरील १३ जणांपैकी दोघेच बचावले. वादळ ओसरल्यावर नौदलाची 'आयएनएस मकर' ही दोन सांगाड्यांची सर्वेक्षण नौका साइड स्कॅन सोनार घेऊन निघाली, बुडालेल्या जहाजांचा समुद्रतळाशी ठाव लागला आणि पाणबुडे नेमक्या जागी उतरवता आले. तळ बऱ्यापैकी सपाट, पाणी स्थिरावलेले आणि वस्तू मोठी. सोनारला याहून अनुकूल परिस्थिती कोणती? पण हे साधन पोहोचले तेव्हा वाचवण्यासारखे कोणी उरले नव्हते. सोनारचा उपयोग नातेवाइकांना निदान देह मिळावेत, एवढ्यापुरता राहिला. त्या कुटुंबांच्या दृष्टीने तेही थोडे नव्हते.

गाळाचा हिशेब

व्यापारी क्षेत्रात सोनारवर पोट भरणाऱ्यांत पहिला मान बंदरांचा. मुंबई बंदर आणि पलीकडचे जवाहरलाल नेहरू बंदर ही दोन्ही गाळाच्या कुशीत वसली आहेत. मोठी मालवाहू जहाजे आत आणायची तर जलमार्ग सतत उपसावा लागतो आणि उपसलेल्या गाळाचे पैसे घनमीटरवर मोजले जातात. काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर असे दोनदा तळाचे मोजमाप होते. दोन्हींतील फरक म्हणजे ठेकेदाराचे देयक.

इथे एक गंमत होते. आपल्या बंदरांतला वरचा गाळ दाट ताकासारखा असतो. त्याला पाणी म्हणावे की जमीन, हा प्रश्नच असतो. दोनशे किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी या ताकाच्या सायीवरूनच परत येतो, तर तेहतीस किलोहर्ट्झचा ध्वनी त्यातून आत शिरून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो. एकाच जागी, एकाच क्षणी दोन यंत्रे दोन निरनिराळे तळ दाखवतात आणि दोन्ही खरी असतात. जहाजाचा तळ त्या सायीतून सहज सरकू शकतो, म्हणून कोणत्या वारंवारतेचा तळ ग्राह्य धरायचा हे करारातच लिहावे लागते. न लिहिल्यास काय होते हे सांगायला नको.

आज तळाच्या मोजणीसाठी प्रामुख्याने वापरला जातो तो बहुझोती सोनार. बोटीच्या बुडाला बसवलेले हे यंत्र एकाच वेळी शेकडो झोत पंख्यासारखे खाली सोडते आणि बोट जाते त्या वाटेवरचा पूर्ण पट्टा मोजून काढते. मुंबईच्या किनाऱ्याला येऊन मिळणाऱ्या इंटरनेटच्या समुद्री केबलींचा मार्ग ठरवणे, मुंबई हायच्या तेलवाहिन्यांखालची वाळू वाहून गेली आहे का हे पाहणे, धरणांत किती गाळ साचला हे काढणे, अशी त्याची कामे न संपणारी आहेत. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आणि नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था या क्षेत्रातील जुन्याजाणत्या संस्था आहेत.

पुलांची गोष्ट त्याहून निकडीची आहे. वाहते पाणी खांबाला अडले की त्याच्या पायाशी भोवरे होतात आणि ते माती उकरून नेतात. कशेळीच्या खाडीवर ठाणे-भिवंडी रस्त्याचा पूल आहे, शेजारून मेट्रो-५ चा मार्ग खाडी ओलांडतो आणि याच परिसरात रेतीउपसा चालतो. पात्रातला एखादा खड्डा ओहोटीबरोबर हळूहळू सरकत पायापर्यंत येऊ शकतो. वरून पाहणाऱ्या अभियंत्याला त्याचा पत्ता लागत नाही. खांब, कठडे, डांबर सारे जागच्या जागी असते. ध्वनिकॅमेरा पायाशी नेला तर उघडा पडलेला दगड अन् दगड दिसू शकतो. हे करण्यात तांत्रिक अडचण काही नाही. आपल्याकडे सोनार बहुधा दुर्घटनेनंतर येतो, आधी येत नाही, एवढीच काय ती अडचण.

पाणसुरुंग आणि पाणबुड्या

लष्करी बाजूकडे वळताना एक भेद ध्यानी घ्यायला हवा. शत्रूची पाणबुडी शोधणे हे दूरवर ऐकण्याचे काम आहे, चित्र काढण्याचे नव्हे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापलीकडे 'आयएनएस खुकरी' ही आपली युद्धनौका पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. खुकरीच्या सोनारची ऐकण्याची कक्षा पाणबुडीच्या कक्षेपेक्षा कमी होती. कोणी कोणाला आधी ऐकले, यावर सारे ठरले. त्यानंतरच्या दशकांत कोची येथील नौदल भौतिकी व सागरविज्ञान प्रयोगशाळेने 'हमसा', 'उषस्', 'अभय' असे स्वदेशी सोनार विकसित केले. त्यांचे उत्पादन बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने केले. १८ जून २०२५ रोजी नौदलात दाखल झालेली 'आयएनएस अर्नाळा' ही उथळ पाण्यात पाणबुड्या हुडकण्यासाठीच बांधलेली युद्धनौका आहे. वसई परिसरातल्या अर्नाळा किल्ल्याचे नाव तिला मिळाले, हे या किनाऱ्याला साजेसेच झाले.

बारीक विभेदनाची खरी कसोटी लागते ती पाणसुरुंगांपुढे. पहिल्या महायुद्धात, फेब्रुवारी १९१७ मध्ये, 'वोल्फ' या जर्मन जहाजाने मुंबईबाहेरच्या समुद्रात सुरुंग पेरले आणि ते निघून गेले. २३ जून १९१७ रोजी पी अँड ओ कंपनीचे 'मंगोलिया' हे प्रवासी जहाज त्यांतल्या एकावर आदळून बुडाले. मधले चार महिने तो सुरुंग निमूट वाट पाहत होता. आधुनिक सुरुंग तर तळावरच बसतात. इटालियन बनावटीचा 'माँटा' सुमारे एक मीटर व्यासाचा आणि अर्धा मीटरही उंच नसलेला, तव्यावर पालथ्या घातलेल्या टोपासारखा. १८ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात 'प्रिन्स्टन' या अमेरिकी युद्धनौकेला अशाच सुरुंगाने जायबंदी केले.

मुंबईसारख्या बंदराच्या तळाशी असे काही शोधायचे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. शतकानुशतकांचे नांगर, साखळ्या, टायर, पिंपे, मोडक्या होड्या तिथे विखुरलेल्या आहेत आणि त्या प्रत्येकीची सावली तपासावी लागते. म्हणून शांततेच्या काळातच तळाचे बारीक नकाशे करून ठेवतात. नंतर पुन्हा पाहणी केली की आधी नसलेली वस्तू तेवढी वेगळी काढायची. व्यापारी सर्वेक्षण आणि लष्करी तयारी यांतील सीमारेषा इथे पुसट होते. बहुझोती सोनारने बंदराचा गाळ मोजणारा नकाशा शत्रूच्याही कामाचा असतो. सागरतळाच्या तपशीलवार माहितीवर आणि अशा यंत्रांच्या निर्यातीवर सरकारे नियंत्रण ठेवतात ते याचमुळे. डिसेंबर २०१७ मध्ये भारत ज्या वासेनार व्यवस्थेचा सदस्य झाला, तिच्या दुहेरी वापराच्या वस्तूंच्या यादीत सोनारचाही समावेश आहे.

या आघाडीवर आपली बाजू लंगडी पडली हे नमूद करणे भाग आहे. सुरुंग काढणारी सोव्हिएत बनावटीची जहाजे एकेक करून निवृत्त झाली. त्यांतले शेवटचे, 'आयएनएस कोझिकोड', एप्रिल २०१९ मध्ये. गोवा शिपयार्डमध्ये दक्षिण कोरियाच्या साह्याने बारा नवी जहाजे बांधण्याची योजना त्याआधीच, २०१८ मध्ये, गुंडाळली गेली होती. जुलै २०२५ मध्ये संरक्षण सामग्री संपादन परिषदेने अशा जहाजांच्या गरजेला नव्याने मान्यता दिली. मान्यतेपासून जहाज पाण्यात उतरेपर्यंत किती वर्षे जातात, हे जाणकारांना ठाऊक आहे.

साडेसात वर्षांनंतरचे चित्र

सोनारपुढचा जुना पेच, म्हणजे बारीक पाहायचे तर दूरचे दिसत नाही हा, सोडवण्याची एक युक्ती अलीकडे हाती आली आहे. सोनार पुढे सरकत असताना एकाच जागेचे अनेक प्रतिध्वनी वेगवेगळ्या ठिकाणांहून टिपायचे आणि संगणकाने ते असे जुळवायचे की जणू एकच लांबलचक यंत्र वापरले आहे. यंत्र हातभर, पण परिणाम कित्येक मीटर लांबीच्या यंत्राचा. अंतर वाढले तरी चित्राचा बारीकपणा टिकून राहतो, हा याचा मोठा लाभ. अट एकच: यंत्राचा प्रवास अतिशय सरळ आणि नेमका ठाऊक असलेला हवा. त्यामुळे ते स्वयंचलित पाणबुड्या वाहनांवर बसवले जाते, जी लाटांच्या खाली, खोल स्तब्ध पाण्यात चालतात.

२२ जुलै २०१६ रोजी चेन्नईहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेले हवाई दलाचे एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झाले. त्या वेळी नौदल, हवाई दल आणि तटरक्षक दलाने मोठी शोधमोहीम राबवली, हाती काही लागले नाही. जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या मानवरहित वाहनाने किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोलीवर पडलेले अवशेष टिपले. बहुझोती सोनार, वर वर्णिलेला संश्लिष्ट सोनार आणि जवळून काढलेली छायाचित्रे यांच्या साह्याने ते त्याच जातीच्या विमानाचे असल्याची खात्री पटली. त्या २९ कुटुंबांना साडेसात वर्षांनी विमान कुठे गेले ते कळले.

एवढे वाचल्यावर कोणालाही वाटेल की, साडेतीन किलोमीटर खोलीवर जे साधते ते काल्हेरच्या उथळ खाडीत चुटकीसरशी व्हावे. प्रत्यक्षात उथळ पाणीच सोनारला अधिक छळते. बहुझोती सोनारच्या पट्ट्याची रुंदी खोलीच्या तीन-चार पट असते. खोल समुद्रात एका फेरीत कित्येक किलोमीटर रुंद पट्टा मोजून होतो. तीन मीटर पाण्यात तो जेमतेम दहा मीटरांचा. पात्र चारशे मीटर रुंद धरले तर एवढ्याच भागासाठी चाळीस फेऱ्या आणि पट्टे एकमेकांवर थोडे चढवावे लागतात म्हणून त्याहून जास्त.

त्यात खाडीचे पाणी एकजिनसी नसते. पंचवीस अंश तापमानाला गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४९७ मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात १,५३० मीटरांहून थोडा अधिक. पावसाळ्यात वर नदीचे गोडे पाणी आणि खाली भरतीचे खारे, असे दोन थर होतात. तिरका जाणारा झोत त्या सीमेवर वाकतो आणि तळ आहे त्यापेक्षा वर किंवा खाली दिसू लागतो. सर्वेक्षकाला त्यासाठी दिवसातून कैक वेळा ध्वनिवेग मोजणारे यंत्र पाण्यात सोडून बघावे लागते. शिवाय बोट तरंगण्यापुरते पाणी भरतीलाच असते. उधाणाच्या दिवसांत ते भरपूर मिळते, पण प्रवाह असा ओढतो की बोट सरळ रेषेत राहत नाही. भांगेच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, प्रवाह मंदावतो, मात्र पाणीही कमी चढते. तेव्हा भरती पूर्ण होऊन ओहोटी लागण्यापूर्वीचा जो थोडा वेळ पाणी थबकते, त्यात पुलाच्या खांबाजवळच्या फेऱ्या उरकून घ्यायच्या आणि उरलेल्या फेऱ्यांसाठी पुढच्या भरतीची वाट पाहायची.